दवाखान्याच्या बिलाची कुळकथा

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपण कृतघ्न माणसाला उद्देशून वापरतो. पण ती एकदा वैद्याच्या बाजूने वाचून पाहावी. रोगी पथ्यपाण्याने उठून बसला, हिंडूफिरू लागला, आणि वैद्याचे देणे तसेच राहून गेले, एवढी सगळी हकीकत त्या चार शब्दांत आहे. उपचार अगोदर, मोबदला मागाहून, आणि मोबदल्याचा आकडा कोठेच लिहिलेला नाही. असा व्यवहार ज्या समाजात चालत होता, त्याच समाजात ही म्हण जन्मास येणे शक्य होते. आजच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात ती जन्मली नसती. तेथे गरज सरण्यापूर्वीच अनामत रक्कम भरून घेतात.

म्हणीचा असा हिशेबी अर्थ काढण्याची खोड मला माझ्या धंद्याने लावली. मी मूळचा जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीचा. पोटापाण्यासाठी शहर गाठले आणि एका खाजगी रुग्णालयाच्या बिल-विभागात चिकटलो. डॉक्टर नाडी पाहतात, परिचारिका सुया टोचतात, आणि आम्ही त्या सगळ्याची बेरीज मांडतो. रुग्णालयात सर्वांत नावडता माणूस कोण, असे विचारले तर लोक आमच्या खिडकीकडे बोट दाखवतील. दुखणे आम्ही बरे करीत नाही, आणि पैसे मात्र आम्हीच मागतो. त्या खिडकीच्या आत पुष्कळ वर्षे काढल्यावर मला एक प्रश्न पडू लागला. हा बिल लिहिणारा माणूस आला कोठून? बारा बलुतेदारांत तो नाही, अठरा अलुतेदारांत नाही. देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरात हिशेबनीस पुष्कळ होते, पण दुखण्याचा हिशेब लिहिणारा त्यांच्यात कोणी नव्हता. मग तो केव्हा आणि कशासाठी उपजला? त्याचा माग काढता काढता मला जे दिसले, ते वाचकांपुढे ठेवतो.

सुरुवात गावापासूनच करू. तीर्थपुरी आज घनसावंगी तालुक्यात आहे. पूर्वी हा मुलूख अंबड तालुक्यात मोडे. तालुक्याच्या दक्षिणेस गोदावरी, आणि तालुक्यातलेच जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. पैठणचे धरण होऊन जायकवाडीचा डावा कालवा या भागातून वाहू लागला आणि शिवारात ऊस उभा राहिला. त्याआधीची शेती ज्वारी, बाजरी, तूर आणि कापूस यांची. सुगी झाली की खळ्यावर रास पडे आणि बलुतेदार आपापला वाटा न्यावयास येत. त्यांत न्हावीही असे. न्हाव्याचे काम हजामतीपुरते नव्हते. तुंबडी लावणे, जळवा लावून रक्त काढणे, गळू फोडणे ही कामे तोच करी. त्यांची मजुरी त्या त्या दिवशी द्यावयाची नसे. वर्षाच्या बलुत्यात सारे येई. यंदा घरात कोणास गळू झाले नाही म्हणून बलुते कमी होत नसे, आणि चौघांना झाले म्हणून वाढत नसे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हा गावाने आपल्यापुरता काढलेला विमाच होता.

परंतु या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ प्रसिद्ध केला, त्यात तिचे दोष त्यांनी परखडपणे दाखविले आहेत. माझ्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा दोष सुईणीच्या बाबतीत दिसतो. अनेक गावांत बाळंतपणे मांगवाड्यातील एखाद्या जाणत्या बाईच्या हातून होत. दोन जीव तिच्या हाती असत. बाळ हाती देऊन झाले की तिला पायलीभर धान्य आणि फार तर लुगडे-खण मिळे, आणि पुन्हा तिने उंबऱ्याबाहेर उभे राहावयाचे. तिच्या कामाची किंमत किती, हे कोणी कधी लिहिले नाही, म्हणून ती कधी मागताही आली नाही. बिल नसले की व्यवहार प्रेमाचाच होतो, असे ज्यांना वाटते त्यांनी या बाईचा हिशेब मनात मांडून पाहावा.

वैद्य मात्र सहसा बलुतेदार नव्हता. कोठे तो भिक्षुकी सांभाळून काढे-चाटणे देणारा ब्राह्मण असे, कोठे युनानी हकीम, कोठे झोळी घेऊन फिरणारा वैदू. वैद्यकाचा बाजार मांडणाऱ्यांची चरकाने निंदा केलेली असल्यामुळे औषधाचे पैसे तोंडाने मागणे बरेच वैद्य कमीपणाचे मानीत. मग त्यांचे चालावे कसे? याचे एक उत्तर पेशव्यांच्या दप्तरात मिळते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांना जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात फुकट औषध देणाऱ्या नामांकित वैद्य-हकिमांना सरकार इनामे देत असे, अशी नोंद आहे. नाशिकच्या एका गुजराती वैद्याची जहागीर तो गेल्यावर त्याच्या मुलाकडे चालविली, कारण मुलगाही तसाच निष्णात निघाला. वाईस एका वैद्याकडून सरकारी आज्ञेने वनौषधींची बाग राखली जात होती.

बलुते असो की इनाम असो, दोन्हींत बिल नाही हे ध्यानात घ्यावे. खळ्यावर देणारा आणि घेणारा एकमेकांस जन्मापासून ओळखत. कागदाची गरज कोणालाच नव्हती. इनामात सरकार देणारे होते खरे, पण ते वैद्याला देई, एकेका रोग्याच्या नावाने देत नसे. अमक्याच्या तापाचे इतके आणि तमक्याच्या खोकल्याचे इतके, अशी यादी सरकारने वैद्याकडे कधी मागितली नाही. त्याच्या लौकिकावर विसंबून एकदा जमीन लावून दिली की झाले.

इंग्रजी अमदानीत रुग्णालये आली, तीही प्रथम दानावरच उभी राहिली. मुंबईच्या रुग्णालयासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८३८ साली १ लाख रुपये देऊ केले, आणि १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेजाबरोबर ते रुग्णालय सुरू झाले. खाटेवरच्या गरिबाकडे तेथे बिल मागावयाचे नव्हते. पण सरकारला आणि देणगीदारांना हिशेब हवा होता. किती रोगी आत आले, किती बरे होऊन गेले, किती दगावले, याची नोंदवही आली. दुखणे प्रथम कागदावर उतरले ते असे, रोग्याची संख्या म्हणून. त्याची रक्कम अजून व्हावयाची होती.

आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. जालन्यास स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांचे रुग्णालय निघाले, आणि दूरदूरच्या गावांतून बैलगाड्या तिकडे जाऊ लागल्या. त्या काळच्या देण्याघेण्यात एक निराळीच पंचाईत असे. रुपये दोन प्रकारचे होते. निजामाचा तो हाली आणि इंग्रजांचा तो कलदार. हालीची किंमत कलदारापेक्षा कमी, म्हणून आकडा सांगताना नाणे कोणते हेही सांगावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान खालसा झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच १९५६ साली औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले; त्याच्या रुग्णालयास सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो. पुढच्या वर्षी १ एप्रिलपासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले. एका माणसाच्या आयुष्यात औषधाचा दाम पायलीत, हालीत, कलदारात आणि नव्या पैशांत मोजला गेला. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना आकड्यांविषयी जो अविश्वास वाटे, त्याचे मूळ मला यातही दिसते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर एक मोठा विचार या देशात मांडला गेला. सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले गृहस्थ. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्याच कारणाने कोणीही योग्य उपचारांस मुकता कामा नये, हे त्या अहवालाचे पायाभूत तत्त्व होते. तत्त्व सर्वांना पटले. पण रोग्याने द्यावयाचे नाही तर द्यावयाचे कोणी, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ आलाच. आणि बिल लिहिणाऱ्या माणसाचा खरा जन्म या प्रश्नातून झाला.

जगात या प्रश्नाचे एक उत्तर आधीच निघाले होते. १९२९ साली अमेरिकेत डॅलस शहरातील शाळामास्तरांनी तेथील बेलर रुग्णालयाशी करार केला. दरमहा ५० सेंट भरावयाचे आणि त्या बदल्यात वर्षात २१ दिवसांपर्यंत रुग्णालयात राहावयाची सोय मिळवावयाची. आमच्या खळ्यावरच्या बलुत्याची ही जणू चुलतबहीणच. फरक इतकाच की, ही वर्गणी वाढत जाऊन तिच्यासाठी मोठमोठ्या संस्था उभ्या राहिल्या, आणि रोगी व डॉक्टर यांच्यामध्ये तिसरा एक देणारा येऊन बसला. त्याने रोगी पाहिलेला नाही, डॉक्टरही पाहिलेला नाही. त्याला दिसतो तो कागद. आपल्याकडे १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम पॉलिसी काढली. आरंभी रोग्याने पैसे भरावयाचे आणि मग बिले जोडून ते परत मागावयाचे, अशी रीत होती. २००१ साली विमा नियामकाने मध्यस्थ संस्थांचे नियम केले. ‘कॅशलेस’ हा शब्द घराघरांत पोचला आणि आमच्या खिडक्या वाढल्या.

आता हा तिसरा देणारा दूर बसलेला. त्याला ‘पोटात कळ येते’ हे सांगून उपयोग नाही. कळीची भाषा गावोगावी निराळी. त्याला एक ठराविक यादी हवी. ती यादी कोठून आली, ही कथा मला फार विलक्षण वाटते. १८९३ साली झाक बेर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची एक आंतरराष्ट्रीय यादी मांडली. माणसे कशाने मरतात ते मोजावे, एवढाच तिचा हेतू. दर काही वर्षांनी ती सुधारली जाई. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती केली, तेव्हा तिच्यात मरणाबरोबर जिवंतपणीची दुखणीही घातली. पुढे अमेरिकेत १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर आले, १९६६ साली तेथील डॉक्टरांच्या संघटनेने शस्त्रक्रियांच्या क्रमांकांचे पुस्तक काढले, आणि १९८३ पासून मेडिकेअर रोगाच्या गटावरून रुग्णालयाला ठरीव रक्कम देऊ लागले. मेलेल्यांची मोजदाद करण्यासाठी निघालेली यादी अशा रीतीने जिवंतांचे पैसे मागण्यासाठी कामास आली. या यादीच्या दहाव्या आवृत्तीत विंचवाच्या विषाला टी ६३.२ हा क्रमांक आहे. तीर्थपुरीच्या शिवारात तुरीच्या धसकटाखाली निघालेला विंचू असो, नाही तर ॲरिझोनाच्या वाळवंटातला असो, दोघांची नांगी या एका क्रमांकात जाते.

विंचवाचे नाव निघाले म्हणून एका माणसाची आठवण होते. विंचूदंशावरील उपचारासाठी जगाने ज्यांचे नाव घेतले ते डॉ. हिंमतराव बावस्कर आमच्याच जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. महाडच्या बाजूला सरकारी आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातील कितीतरी जीव वाचविले. त्यांची दुसरी कामगिरी माझ्या धंद्याशी अधिक जवळची आहे. रोगी तपासणीसाठी पाठविल्याबद्दल एका तपासणी केंद्राकडून आलेला १,२०० रुपयांचा धनादेश त्यांनी २०१३ साली परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रार नोंदविली. बिलात जे छापलेले असते त्याच्या पोटात काय काय दडलेले असू शकते, ते त्या दिवशी उघड्यावर आले.

अमेरिकेच्या याद्यांनी आपल्या मुलांच्या झोपेचेही वेळापत्रक बदलले. गेल्या शतकाच्या अखेरीपासून तेथील डॉक्टरांची बिले करण्याचे काम भारतात येऊ लागले. पुण्यामुंबईकडे त्यासाठी मोठी कार्यालये निघाली. माझा एक पुतण्या त्यांपैकी एकात आहे. उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास, एवढे न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या मागे. म्हणून तो दिवेलागणीला डबा घेऊन निघतो आणि कोंबडा आरवताना परततो. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेने दहावी आवृत्ती स्वीकारली, तेव्हा रोगांचे क्रमांक सुमारे १४ हजारांवरून ६८ हजारांच्या आसपास गेले, आणि हजारो मुले ते क्रमांक शिकावयास बसली. विमा कंपनीने क्लेम नाकारला तर त्याला ही मुले ‘डिनायल’ म्हणतात. तो का नाकारला हे शोधावयाचे, कागद दुरुस्त करून पुन्हा पाठवावयाचे. ओहायोतील कोणा म्हाताऱ्याच्या गुडघ्यासाठी माझा पुतण्या रात्रभर भांडतो. काम बारकाईचे आहे, हुशारीचे आहे, आणि त्यावर शेकडो घरांच्या चुली पेटतात. तेव्हा त्यास नाके मुरडणे मला पसंत नाही.

तिसरा देणारा शेवटी आमच्या शिवारातही येऊन पोचला, आणि या खेपेस तो सरकारच्या रूपाने आला. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ८ जिल्ह्यांत सुरू झाली. पुढच्या वर्षी ती सर्व राज्यात आली. कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपये, उपचार ९७१. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांसाठी ती होती. पण शेतकरी-आत्महत्यांनी पोळलेल्या १४ जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरीही तिच्यात घेतले गेले, आणि त्या १४ जिल्ह्यांत आमचा जालना होता. अशा शेतकऱ्याला आपले शेतकरीपण सिद्ध करण्यासाठी सातबाऱ्याचा उतारा आणावा लागे. आमच्या खिडकीशी क्ष-किरणाच्या फोटोबरोबर सातबारा येऊ लागला. गट नंबर, पोटखराबा, आकार, पिकाची नोंद. आणि त्याच्याच मागे टाचणीने लावलेला हृदयाचा अहवाल. ज्या जमिनीची रास खळ्यावर मोजून न्हाव्याला देत, तीच जमीन कागद होऊन हृदयाच्या शस्त्रक्रियेची जामीन राहिली. जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने योजनेची मर्यादा ५ लाखांवर नेली आणि तिचे दार राज्यातील सर्व कुटुंबांना उघडले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एकदा आमच्याच बाजूचे एक वयस्क शेतकरी मुलाचे बिल घेऊन खिडकीशी आले. मुलाचे पोटाचे ऑपरेशन झालेले. बिलाची पाने सात. हातमोजे, सिरिंजा, कापूस, नळ्या, खोलीभाडे, क्रमांकांच्या रांगाच्या रांगा. त्यांनी ती सातही पाने उलटून पाहिली आणि मला म्हणाले, “लेका, ह्या कागदात माह्या पोराचं दुखणं कुठं लिवलंय, ते तर दाव.” मी पाहिले. दुखणे एका क्रमांकाच्या रूपाने पहिल्या पानाच्या कोपऱ्यात होते. बाकी सगळा मजकूर विमा कंपनीसाठी, लेखापरीक्षकासाठी. पैसे जाणार होते त्यांच्या गाठीचे, पोटावर टाके होते त्यांच्या मुलाच्या, आणि कागदात त्यांच्याशी बोलणारे एकही वाक्य नव्हते.

त्यांच्या त्या बोलण्यात मला साऱ्या इतिहासाचे सार दिसते. बिल हे दूरच्या देणाऱ्याला लिहिलेले पत्र आहे. ते ज्याच्या हातात ठेवतात, त्याला ते वाचता यावे अशी तरतूद ते घडताना कोणी केली नाही. आणि जे वाचता येत नाही, त्याबद्दल भांडताही येत नाही. एक म्हैस विकावी की दोन, सावकाराकडे जावे की सोयऱ्याकडे, हे ठरविताना माणसाला निदान आपण कशाचे पैसे देतो आहोत एवढे तरी कळावयास नको काय?

कायद्याने याबाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेला औषधोपचार ग्राहक कायद्याखाली आणला. २००२ च्या नियमांनी डॉक्टरांना आपली फी दवाखान्यात लावावयास सांगितले, आणि रुग्णाने मागितल्यास त्याचे कागद ७२ तासांत द्यावयास सांगितले. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने धर्मादाय रुग्णालयांची योजना ठरली. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि इतर रुग्णांच्या एकूण बिलांतील २ टक्के रक्कम गरिबांच्या निधीत. करोनाच्या साथीत २१ मे २०२० रोजी शासनाने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. साध्या खाटेस दिवसास ४,००० रुपये, अतिदक्षतेत ७,५००, आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,०००. बिले तपासावयास लेखापरीक्षक बसले, आणि कितीतरी बिलांतून रकमा वजा झाल्या. २०२१ साली रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागी लावणे शुश्रूषागृहांना बंधनकारक झाले. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही घेणे बंद झाले; तेथे खिडकीच उरली नाही म्हणा ना!

पण या सगळ्या तरतुदी ज्याला ठाऊक आहेत त्याच्याच उपयोगाच्या. भिंतीवर सनद टांगलेली असते आणि तिच्याखाली बाकावर बसलेला माणूस तिच्याकडे पाठ करून पैशांची जुळवाजुळव करीत असतो. १० टक्के खाटा आपल्यासाठी आहेत, हे त्याला कोणी सांगावयाचे? माझ्या मते ते आम्ही सांगावयाचे. रुग्णालयात डॉक्टरांची आणि विमा कंपनीची, दोघांची भाषा कळणारा दुसरा माणूस नाही. दुभाष्याने एका बाजूशीच बोलावे, असा नियम कोठे आहे?

त्या दिवशी मी एक कोरा कागद घेतला आणि त्या शेतकऱ्यांना मराठीत सात ओळी लिहून दिल्या. दुखणे कोणते, काय कापले, किती दिवस कोठे ठेवले, योजनेतून किती आले, तुम्ही द्यावयाचे किती, त्यात औषधांचे किती आणि खोलीचे किती. दहा मिनिटांचे काम. हातमोज्यांच्या संख्येवर त्यांनी मला दोन प्रश्न विचारले आणि ते दोन्ही बरोबर होते. ती रक्कम वजा झाली. तेव्हापासून जो मागेल त्याला मी तसा कागद लिहून देत आलो आहे. अशी मराठी सारांशाची एक पाटी प्रत्येक बिलास जोडावी, असा नियम शासनाने केला तर छपाईला फार तर एक पान अधिक लागेल. तोवर, वाचकांपैकी ज्यांच्यावर बिल हाती धरण्याचा प्रसंग येईल त्यांनी खिडकीशी थांबून ओळ न् ओळ विचारावी. मागे रांग खोळंबली तर खोळंबू द्यावी.